पल्सरच्या इंजिनात कॅम बदलताना: आधी मोजा, मग खोला

कॅम, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास लिफ्टचा असतो. किती मिलिमीटर लिफ्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो? विचारायला हरकत नाही, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारा) बंद कधी होतो? गाडी सिग्नलवरून झटकन उठेल की मेल्यासारखी निघेल, घाटात तिसऱ्या गिअरवर ओढेल की दुसरा टाकायला लावेल, हे बहुतांशी या एका आकड्यावर ठरतं. नवशिके याच आकड्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग 'कॅम टाकला आणि गाडी बसली' अशी तक्रार घेऊन परत येतात.

हा लेख बीएस-४ हे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच्या, कार्बोरेटरवाल्या डीटीएस-आय पल्सर १५० आणि १८० धरून लिहिला आहे. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं हेड, वर एकच कॅमशाफ्ट, दोन रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात), दोन व्हॉल्व्ह. शिकायला याहून सोपं इंजिन शोधून सापडणार नाही, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. या १५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ५६.४ मिमी, १८० चा बोअर ६३.५ आणि स्ट्रोक तोच. दुसऱ्या कुठल्याही सिंगल कॅमच्या गाडीला हीच पद्धत लागू पडते, फक्त मापं तिच्या मॅन्युअलमधून घ्यायची.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर जाणारे बदल करू देत नाही, आणि मोठ्या ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त काळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम टाकला की आयडलवर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडून पीयूसीचे आकडे चढतात. रोजच्या गाडीचा प्रयोग करू नका. ट्रॅकसाठी, डर्टसाठी किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅगसाठी वेगळी ठेवलेली गाडी असेल तर पुढे वाचा.

कॅमच्या कागदावर काय वाचायचं

क्रँक (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. म्हणून कॅमच्या कागदावरचे सगळे अंश क्रँकचे असतात, आणि ते किती लिफ्टवर मोजले आहेत ते शेजारी लिहिलेलं असायला हवं, बहुधा १ मिमी. ते लिहिलेलं नसेल तर दोन कॅमची तुलनाच करता येत नाही. कारण व्हॉल्व्ह जेमतेम हलायला लागल्यापासून मोजलं तर तोच कॅम कागदावर चाळीस-पन्नास अंशांनी मोठा दिसतो.

उदाहरण घेऊ. १ मिमी लिफ्टवर इनटेक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) १० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ४० अंशांनी बंद होतो. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, झालं १० + १८० + ४० = २३० अंश. मध्यबिंदू काढायचा तर २३० चे निम्मे ११५, त्यातून १० वजा, म्हणजे टीडीसीनंतर १०५ अंश. एक्झॉस्ट बीडीसीच्या ४५ अंश आधी उघडून टीडीसीनंतर ७ अंशांनी बंद होत असेल तर त्याचं ड्युरेशन २३२ आणि मध्यबिंदू टीडीसीआधी १०९. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, १० + ७ = १७ अंश.

आता इनटेक बंद होण्याकडे या. बीडीसी ओलांडून पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत धावणाऱ्या मिश्रणाचा वेग त्याला आत ढकलत राहतो, म्हणून उशिरा बंद करणं फायद्याचं ठरतं. कमी आरपीएमला तो वेग नसतो, आणि पिस्टन आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे लोटतो. हिशोब करून बघा. कनेक्टिंग रॉड १०० मिमी धरला तर ४० अंशांवर बंद होणाऱ्या कॅममध्ये ५६.४ मिमी स्ट्रोकपैकी ९१ टक्के स्ट्रोक दाबायला उरतो. तोच कॅम ६० अंशांवर बंद होत असेल तर उरतो ८० टक्के. खालची ताकद कुठे गेली ती ही अशी. या इंजिनाची कमाल ताकद मुळातच ८५०० ते ९००० आरपीएमच्या आसपास मिळते. तो शेंडा आणखी वर सरकवला तर तिथवर टिकणारे स्प्रिंग लागतील आणि क्रँकचे बेअरिंगही धडधाकट हवेत. पहिल्या कामासाठी स्टॉकपेक्षा १० ते १५ अंश जास्त ड्युरेशन आणि अर्धा ते एक मिमी जास्त लिफ्ट पुरे. त्याहून मोठं काही घेतलं तर हेड, पिस्टन, एक्झॉस्ट सगळंच बदलावं लागतं.

कॅम कुठला घ्यायचा

तीन वाटा आहेत. कागदासकट येणारा तयार कॅम, हा सगळ्यात सुरक्षित. दुसरी वाट स्टॉक कॅम ग्राइंड करून घेण्याची. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात हे काम होतं. यात लोबचं, म्हणजे कॅमच्या फुगीर भागाचं, टोक वाढवता येत नाही, म्हणून मागचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, घासून लहान करतात. बेस सर्कलचा व्यास २ मिमी कमी झाला की रॉकरचा पाय १ मिमी खाली बसतो. टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणारा) स्क्रू तेवढा फिरवून भरपाई होते, पण रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर मध्यभागी न टेकता कडेला टेकायला लागतं आणि व्हॉल्व्ह गाइड एका बाजूने झिजतो. शिवाय लोबवरचा कडक थर ठराविक खोलीपर्यंतच असतो. तो घासून गेला असेल तर पाचशे किलोमीटरमध्ये लोबवर खड्डे पडतात. ग्राइंडिंगनंतर हार्डनेस तपासून मिळतो का, हे आधीच विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

तिसरी वाट, 'मोठ्या गाडीचा कॅम छोट्या गाडीला'. हा सल्ला जवळपास प्रत्येक गॅरेजात मिळतो. ऐकून लगेच विकत घेऊ नका. दोन्ही कॅम शेजारी ठेवून व्हर्नियरने लोबची उंची, बेस सर्कल, बेअरिंगच्या जागेचा व्यास, एकूण लांबी आणि स्प्रॉकेटच्या भोकांची जागा मोजा. लोबची उंची वजा बेस सर्कल, ही झाली कॅमची लिफ्ट; व्हॉल्व्हची लिफ्ट काढायला तिला रॉकरच्या गुणोत्तराने गुणायचं. बऱ्याचदा असं दिसतं की दोन्हींत जेमतेम फरक आहे आणि पैसे वाया जाणार होते.

सामान

डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ३६० अंशांची डिग्री व्हील (पत्र्यावर कोनमापक चिकटवून घरी करता येते), फिलर गेज, ५ ते ३० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, व्हर्नियर, कॉम्प्रेशन गेज. गॅस्केटचा पूर्ण संच, टॅपेट कव्हरच्या नव्या ओ-रिंग, व्हॉल्व्ह सील, मोलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, मुलांची खेळायची माती, जेएएसओ एमए दर्जाचं २०डब्ल्यू-५० ऑइल, आणि ५ च्या टप्प्याने चढते तीन-चार मेन जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे). पुण्यात राहत असाल तर नाना पेठेत एका चकरेत यातलं बरंच काही मिळून जाईल. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी) वीस हजार किलोमीटरच्या वर चालली असेल तर तीही नवीन घ्या. ताणलेली चेन कॅमला मागे ठेवते आणि तुमची सगळी मापं खोटी पाडते.

खोलण्याआधी

जुन्या कॅमवरच सगळं मोजून वहीत लिहा. हे टाळणारा माणूस नंतर गाडी सुधारली की बिघडली, हे छातीठोकपणे सांगूच शकत नाही. गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सात-आठ किक मारून कॉम्प्रेशन घ्या. या इंजिनाला दोन प्लग आहेत; गेज एका भोकात लावा आणि दुसरा प्लग जागेवर घट्ट असू द्या, नाहीतर आकडा शून्याजवळ येईल आणि उगाच धडकी भरेल. कॉम्प्रेशन मुळातच कमी असेल तर आधी रिंग-व्हॉल्व्हचं काम करा. गळक्या इंजिनात कॅम टाकून काहीच हाती लागत नाही.

कॅम काढणं

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. टाकी, प्लग, टॅपेट कव्हर काढा. क्रँक फिरवायची दिशा लक्षात राहत नसेल तर टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवा. इंजिन बरोबर दिशेनेच फिरतं. मॅग्नेटच्या बाजूच्या खिडकीतून 'टी' खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एक घट्ट असेल तर तुम्ही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टीडीसीवर आहात. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

स्प्रॉकेटला हात लावण्याआधी टायमिंग चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) काढा. स्प्रॉकेट आधी सोडलं तर टेन्शनरचा दांडा पूर्ण बाहेर येऊन अडकतो, आणि तसाच परत बसवला की चेन गिटारच्या तारेसारखी ताणली जाते. नवी चेन आठवड्यात खाल्ली जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

स्प्रॉकेटवरच्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढा. चेनला तारेने फ्रेमशी बांधा, म्हणजे ती खाली केसमध्ये पडणार नाही. खालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा. एक सहा मिमीचा बोल्ट आत पडला की हेड उतरवण्याच्या कामाचं इंजिन पूर्ण खोलण्याचं काम होतं. मग स्प्रॉकेट, रॉकर आणि कॅम काढा. इनटेकचा रॉकर आणि एक्झॉस्टचा रॉकर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. रॉकरचा पाय प्रकाशात धरून बघा: तिथे खरखर किंवा काठाला धार असेल तर तो नव्या कॅमला फाडेल. नवा कॅम आणि झिजलेला रॉकर कधीच एकत्र बसवू नका.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जागा

इथे घाई करणाऱ्यांचे व्हॉल्व्ह वाकतात. हेड उतरवलेलंच आहे असं धरतो, कारण स्प्रिंग आणि सीलसाठी ते उतरवणं भागच आहे. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या समोर सुपारीएवढा मातीचा गोळा चिकटवा, त्यावर आणि व्हॉल्व्हच्या तळाला तेलाचा हात फिरवा. जुनी गॅस्केट घालून हेड ठरलेल्या टॉर्कला बसवा, टायमिंग जुळवा, टॅपेटमध्ये शून्य फट ठेवा आणि क्रँक हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवा. मधेच कडक लागलं तर जोर लावू नका. तिथेच थांबून शोधा. मग हेड उचला. मातीत व्हॉल्व्हची चंद्रकोर उमटलेली असेल. ब्लेडने ती उभी कापा आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावा. इनटेकला किमान १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमी हवं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत येतो, म्हणून त्याला जास्त. कमी भरत असेल तर पिस्टनचे खड्डे खोल करावे लागतील, किंवा लहान कॅम.

धोक्याची जागा टीडीसीच्या आधी-नंतर दहा अंशांच्या आसपास असते, पूर्ण लिफ्टला नाही. पूर्ण लिफ्टला पिस्टन बराच खाली गेलेला असतो. म्हणून लिफ्ट जेमतेम वाढवलेला पण ओव्हरलॅप मोठा असलेला कॅमही व्हॉल्व्ह वाकवू शकतो.

पूर्ण लिफ्टला तपासायचं ते स्प्रिंग. स्प्रिंग बसवलेल्या उंचीवर मोजा, पूर्ण दाबून कडी कडीला टेकल्यावर मोजा. समजा ३२ आणि २२ मिमी. हालचाल मिळाली १० मिमी. लिफ्ट ८.५ असेल तर दीड मिमी उरते, चालेल. एक मिमीपेक्षा कमी उरत असेल तर तो कॅम या स्प्रिंगवर चालवायचा नाही. रिटेनरचा (स्प्रिंगला वरून धरणाऱ्या वाटीचा) तळ व्हॉल्व्ह सीलला टेकतो का, हेही याच वेळी बघा. निदान एक मिमी जागा हवी. आणि भीतीपोटी गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घेऊ नका. ते लोब आणि रॉकर दोन्ही खातात.

काही जण गेलेलं कॉम्प्रेशन परत आणायला हेड किंवा सिलिंडर अर्धा मिमी घासून घेतात. १५० मध्ये त्याने सुमारे १.३ सीसी जागा कमी होते. मूळ गुणोत्तर ९.५ धरलं तर ते १०.२ च्या आसपास जातं. पण त्याच अर्ध्या मिमीने पिस्टन-व्हॉल्व्हमधली जागाही कमी होते आणि चेन तेवढी ढिली पडून कॅम दीड-पावणेदोन अंश मागे पडतो. म्हणून घासायचं असेल तर ते आधी, आणि माती त्यानंतर.

डिग्री करणं, म्हणजे कॅमचे अंश मोजून जुळवणं

स्प्रॉकेटवरची खूण जुळली म्हणजे कॅम जुळला, असं धरून चालू नका. ३४ दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे १०.६ आणि क्रँकचे २१ अंश; एवढी चूक किक मारतानाच कळते. पाच-सहा अंशांची चूक मात्र गुपचूप बसते आणि महिनाभर जेट बदलायला लावते.

डिग्री व्हील क्रँकला पक्की करा, जाड तारेचा काटा केसला. खरा टीडीसी शोधायला जुन्या प्लगच्या सांगाड्यात बोथट बोल्ट बसवून पिस्टन-स्टॉप करा. क्रँक हलक्या हाताने एका बाजूला टेकेपर्यंत फिरवा, आकडा लिहा. मग दुसऱ्या बाजूला. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४२ आलं तर शून्य दोन अंशांनी चुकलं आहे. काटा सरकवून दोन्हीकडे ४० आणा. स्टॉप काढायला विसरू नका.

आता डायल गेजचं टोक इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, व्हॉल्व्हच्या रेषेत टेकवा. टॅपेट शून्य फटीवर ठेवा. टेन्शनर बसवलेला असू द्या आणि क्रँक फक्त पुढे फिरवा. मागे फिरवलं की चेनची ढिलाई मापात येते. आकडा चुकला तर सरळ दोन फेरे पुढे या. वर जाताना १ मिमीला आकडा लिहा, खाली येताना १ मिमीला लिहा. कागदावर १० आणि ४० आहे आणि तुम्हाला ८ आणि ४२ मिळालं, तर मध्यबिंदू १०७ आला: कॅम दोन अंश मागे आहे. ड्युरेशन मात्र २३० च आहे, म्हणजे ग्राइंडिंग बरोबर झालंय. ड्युरेशनच जुळत नसेल तर कॅम परत करा.

दुरुस्तीसाठी स्प्रॉकेटची बोल्टची भोकं बारीक गोल कानशीने लांबट करतात. भोक केंद्रापासून १५ मिमीवर असेल तर पाव मिमी सरकणं म्हणजे कॅमचा एक अंश, क्रँकचे दोन. यावरून कानस किती जपून चालवायची ते कळेल. वळणावळणाच्या ट्रॅकसाठी कागदापेक्षा दोन अंश पुढे ठेवलं तरी चालतं. इनटेक लवकर बंद होतो आणि मधल्या आरपीएमला गाडी भरून येते. पुढे सरकवल्यावर इनटेकची मातीची चाचणी पुन्हा करा.

शेवटची जोडणी

लोब, रॉकरचे पाय आणि रॉकर शाफ्टला पेस्ट लावा, बेअरिंगला तेल. हेडचे नट कोपऱ्या-कोपऱ्याने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कला. स्प्रॉकेटच्या बोल्टना थ्रेडलॉक आणि टॉर्क दोन्ही. अंदाजाने कसलेले बोल्ट सुटतात आणि कॅम स्वतःहून टायमिंग बदलतो. टेन्शनर दांडा आत दाबून बसवा, मग सोडा. टॅपेट नव्या कॅमच्या कागदावर दिलेल्या फटीला ठेवा, स्टॉकच्या नव्हे. समजा ०.१० सांगितलं आहे: ०.१० ची पाती बोटांना तेलकट कागद ओढल्यासारखी घसटत सरकायला हवी आणि ०.१३ ची शिरताच कामा नये. लॉकनट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून कसून झाल्यावर परत मोजा. प्लग न लावता हाताने चार-सहा फेरे, मग किकने तेल वर चढेपर्यंत.

पहिला स्टार्ट आणि जेटिंग

कार्बोरेटर आणि प्लग आधीच तयार ठेवा, म्हणजे गाडी दोन-तीन किकमध्ये लागेल. वारंवार क्रँकिंगने लोबवरची पेस्ट पुसली जाते. लागताच २००० ते ३००० आरपीएममध्ये वर-खाली करत पाच मिनिटं चालवा, समोर टेबल फॅन लावून. आयडलवर सोडू नका, कारण आयडलला लोबवर तेल कमी उडतं. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा एकदा तसंच. मग टॅपेट मोजा आणि ऑइल बदला. शंभर किलोमीटरला पुन्हा ऑइल आणि पुन्हा टॅपेट. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरून बघा: बारीक करडी झाक नव्या भागांची असते, चमकणारे तुकडे असतील तर कव्हर उघडा.

आयडल १४०० वर टिकत नसेल तर १६००-१७०० वर ठेवा; ओव्हरलॅपमुळे आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो. मेन जेट एक टप्पा मोठा लावून सुरुवात करा. बंद रस्त्यावर किंवा ट्रॅकवर वरच्या आरपीएमला पूर्ण थ्रॉटल धरा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढरा पडला असेल तर जेट आणखी मोठा, काळा-सुका असेल तर लहान. विटकरी-तपकिरी आला की थांबा. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ही सोय नाही. तिथे ओव्हरलॅपमधून निसटलेली हवा ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचं भासवते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) उगाच पेट्रोल वाढवतो. मॅप बदलल्याशिवाय कॅमला हात लावू नका.

आवाजावरून ओळखा

थंड असताना हलकी टिकटिक आणि गरम झाल्यावर तीच राहिली तर चालेल. गरम झाल्यावर वाढली तर टॅपेटची फट जास्त आहे किंवा लॉकनट सुटलाय. अजिबात आवाज नाही आणि गरम झाल्यावर आयडल डगमगतो, तर फट कमी आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्टची कड जळायला लागेल, लगेच थांबा. डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखा खरखर आवाज टेन्शनरचा. वरच्या आरपीएमला ताकद एकदम कापल्यासारखी जाते आणि थ्रॉटल थोडा कमी केला की परत येते, तेव्हा स्प्रिंग व्हॉल्व्हला लोबवर धरून ठेवू शकत नाही. त्या आरपीएमच्या पाचशे खालीच गिअर बदला, जोवर योग्य स्प्रिंग मिळत नाहीत तोवर.

जुना कॅम, जुने रॉकर आणि मापांची वही तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गाडी परत स्टॉक करायची वेळ आली, तर त्याच कॅमसोबत त्याच जागेचे तेच रॉकर बसवायचे आहेत.